पॅकिंगमध्ये एक जास्त

मसाटच्या औद्योगिक वसाहतीत सुताची एक कंपनी आहे. पॉलिएस्टरचा धागा तिथे पुठ्ठ्याच्या कोनावर गुंडाळला जातो, खोक्यांत भरला जातो आणि ट्रकमधून सुरतेकडे रवाना होतो. गेटमधून आत शिरलं की उजव्या हाताला टाइम ऑफिस लागतं. ऑफिस हा शब्द जरा मोठाच झाला. वर पत्रा, एक खिडकी, गरम हवा फिरवणारा पंखा, आणि खुर्चीत ललित बोरसे.

ललित शिरपूरकडचा. अंगापिंडाने बारीक, बोलायला कमी, पण आकडा चुकला तर जेवण गोड न लागणारा माणूस. त्याचं काम एका ओळीत सांगता येईल: या घटकेला कंपनीत किती माणसं आहेत ते काढायचं. शेजारच्या एका कारखान्यात मागे आग लागली, तेव्हा आत किती जण अडकलेत हे कुणालाच धड सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून इथे नियम झाला. पाळी सुरू झाली की ललितने खात्यांची बेरीज करायची आणि गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनने, कारभारीने, तो आकडा फळ्यावर खडूने लिहायचा. आग लागलीच तर किती जणांना शोधायचं ते कळायला हवं ना.

बेरजेसाठी ललितला जो कॉम्प्युटर दिला होता, तो भंगारवाल्यानेही नाक मुरडून परत दिला असता. त्याचा माउस कधीचाच गेला होता. वापीहून येणाऱ्या भावेशने त्यात लिनक्स घालून दिलं होतं, तेही नुसत्या काळ्या पडद्याचं. चित्र नाही, खिडकी नाही, फक्त लुकलुकणारी एक रेघ. तिच्यापुढे हुकूम टाइप करायचा, डॉलरची खूण, दोन कंस, कंसात गणित, आणि एंटर. खाली उत्तर हजर. सुरुवातीला ललितने कपाळाला हात लावला होता, पण हळूहळू त्याला त्या पडद्याचा लळा लागला. विचारलं तेवढंच सांगतो, वायफळ बडबड करत नाही, म्हणायचा. शिवाय त्यात आकड्याला नाव देता येतं. पॅकिंग बरोबर सत्तावीस असं एकदा लिहिलं, की पुढे नुसतं पॅकिंग म्हटलं तरी त्याला समजतं. ललितने चारही खात्यांना नावं दिली होती: टेक्श्चरायझिंग, वाइंडिंग, पॅकिंग आणि स्टोअर. रोज सकाळी चौघांत त्या दिवशीचे आकडे भरायचे आणि चौघांची बेरीज मागायची, झालं.

एकदाच त्याची फजिती झाली होती. हजेरीचं मशीन आकडे तीन घरांत छापतं, सत्तावीसच्या आधी एक शून्य लावून. ललितने तो शून्यासकट जसाच्या तसा टाइप केला आणि पॅकिंगमधली माणसं एकदम तेवीस झाली. कारभारीने दिवसभर त्याची टर उडवली. शेवटी भावेशने फोनवर उलगडा केला. "ललितभाई, आगे शून्य नहीं लगाने का. शून्य लगाया तो वो दस से नहीं, आठ से गिनता है." तेव्हापासून ललित शून्य खुडून टाकायचा, भाजी निवडताना देठ खुडतात तसा.

दिवाळीची सुट्टी संपवून माणसं गावाकडून परतली, त्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी पाळी सुटली आणि कारभारी खिडकीशी येऊन उभा राहिला.

"ललितभाऊ, फळ्यावर एकशेपाच लिवलेत. भाहेर पडले एकशेचार. एक आत राह्यलाय."

"नीट मोजले का?"

"हजेरीचं मशीन बी तेच म्हणतंय. आन् मी इथंच व्हतो, जागचा हललो नाही."

ललितने सकाळचे आकडे काढले. एकेचाळीस, तीस, सत्तावीस, सहा. एकशेचारच होतात. पडद्यावर मात्र एकशेपाच. बेरीज आपण डोळे झाकून पुढे दिली याचं त्याला वाईट वाटलं. आधी त्याला शून्याचा संशय आला, पण शून्य कुठे नव्हतंच. आणि त्या शून्याच्या खोडीने आकडा घटला होता. वाढला नव्हता.

नियम म्हणजे नियम, म्हणून दोघे आत जाऊन बघून आले. यंत्रं थांबलेली. पॅकिंग हॉलमध्ये धाग्याला लावतात त्या तेलाचा वास साचला होता. पांढरे कोन ओळीने उभे होते. "कोण हाय का?" कारभारीने हाक दिली. उत्तर आलं नाही. परतताना तो एकदा थबकला, मागे वळून बघितलं, आणि दिवे बंद केले.

दुसऱ्या दिवशी ललितने कॉम्प्युटर तपासायला घेतला. नुसते आकडे टाकले की बेरीज बरोबर. खात्यांची नावं टाकली की एक जास्त. मग एकेका नावात शून्य मिळवून पाहिलं. टेक्श्चरायझिंग बरोबर, वाइंडिंग बरोबर, स्टोअर बरोबर. पॅकिंग अधिक शून्य: अठ्ठावीस. नुसतं पॅकिंग दाखव म्हटलं तर सत्तावीस, गणित कर म्हटलं की अठ्ठावीस.

भावेश वापीहून आला. त्याने नाव बदलून पाहिलं, मशीन बंद करून चालू केलं, शेवटी सगळं पुसून पुन्हा घातलं. त्याच्या हातूनही अठ्ठावीसच आले. त्याने स्वतःचा लॅपटॉप उघडून तेच गणित केलं, तिथे सत्तावीस. बराच वेळ तो दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघत बसला.

"आप एक काम करो," तो वायर गुंडाळत म्हणाला, "रोज एक हाथ से कम कर लो."

चहा मागवला होता, तोही न पिता गेला. भावेश चहा सोडणाऱ्यातला नव्हता.

दुसरा कुणी असता तर खरंच एक वजा करून मोकळा झाला असता. ललितला ते जमेना. त्याने पॅकिंगची माणसं दोन गटांत वाटली, गटांना नावं दिली आणि शून्य मिळवलं. एक गट बरोबर आला, दुसऱ्यात एक जास्त. त्या गटाचे पुन्हा दोन भाग केले. पुन्हा दोन. दुपारच्या जेवणापर्यंत दोनच माणसं उरली. त्याने लिहिलं, चिंधा बरोबर एक. अधिक शून्य. उत्तर एक.

मग त्याने दुसरं नाव लिहिलं. कावेरी बरोबर एक. अधिक शून्य.

उत्तर दोन.

कावेरी त्याची बायको. पॅकिंगच्या खिडकीजवळच्या टेबलावर कोनांना पिशव्या चढवायची.

संध्याकाळी दोघं सायली गावातल्या आपल्या भाड्याच्या खोलीवर परतली. तिने भाकरी थापली, पण स्वतःचं ताट तिला नकोसं झालं. ललित तिच्याकडे नुसता बघत होता.

"असे काय पाहून राहिले?" ती म्हणाली.

"तुला दिवस गेलेत का गं?"

कावेरीच्या हातातला घास खाली आला. "तुम्हाले कसं कळलं? मी तर आईलेबी नाही सांगितलं."

"वाटलं आपलं."

"इतक्यात कुणाले बोलू नका," ती म्हणाली आणि पदराने डोळे टिपायला लागली. तिचंही बरोबर होतं. याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्हीदा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. दुसऱ्या वेळेनंतर तिने लहान मुलांच्या बारशाला जाणंच सोडलं होतं. ललितने तिचा हात धरला. त्याला इतका आनंद झाला होता की मशीनची भीती कुठल्या कुठे पळाली. भ्यायचं कशाला? मशीनने तर सगळ्या जगाच्या आधी त्याला आनंदाची बातमी दिली होती.

तिथून त्याला ती सवय लागली. सकाळी गेटवर कावेरीची हजेरी लागली, की बाकीचं काम बाजूला ठेवून तो तिचं नाव टाइप करायचा. अधिक शून्य. दोन. मग त्याचा दिवस सुरू व्हायचा. ती सुट्टीवर असली की मशीन मुकं व्हायचं; तिच्या नावाला एक, आणि पॅकिंगही जितक्यास तितकं. गेटच्या आत असेल तरच ते तिला मोजायचं. सुट्टीचा तो दिवस ललितला खायला उठायचा. दुसऱ्या दिवशी पडद्यावर दोन दिसेपर्यंत तो चहाला हात लावत नसे.

डॉक्टरीणबाईंनी तपासून बजावलं, उभं राहायचं नाही, वजन उचलायचं नाही, जमलं तर काम सोडा.

"मी उद्यापासून नाही जात," कावेरी परतताना रिक्षात म्हणाली.

 खोलीवर पोचल्यावर ललित म्हणाला, "थोडे दिवस ये अजून. सुपरवायझरशी बोलतो मी. बसून काम देतील तुला."

"डॉक्टरीण तर नको म्हणल्या."

"घरी तू एकटी. काही झालं तर कोणाला कळणार? तिथं माझी नजर असते तुझ्यावर."

हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. घरी राहिली असती तर तिला मोजता आलं नसतं, एवढंच खरं होतं. कावेरीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. नवरा इतकी काळजी करतो याचं तिला बरंच वाटलं असणार.

तिला स्टूल मिळालं. ती रोज यायची. हॉलमध्ये उकाडा असायचा, यंत्रांची घरघर पायांतून वर चढायची, आणि ती खिडकीजवळ बसून कोनांना पिशव्या घालायची. तिसरा महिना सरला. चौथा लागला. दोघांनी पहिल्यांदाच मोठ्याने नावांची चर्चा केली. पडद्यावर रोज दोन.

संक्रांतीच्या आसपास तिची कंबर धरली. चेहरा उतरला. एका दुपारी ती टाइम ऑफिसच्या खिडकीशी आली आणि गजाला धरून उभी राहिली.

"मी आईकडे जाते. आता नका अडवू."

ललितला तिच्या चेहऱ्याकडे बघून स्वतःची लाज वाटली. त्याने गेटपास लिहिला. लिहिण्याआधी सवयीने नाव टाइप केलं. दोन. त्याला हायसं वाटलं. कारभारीने रिक्षा बोलावली. आधी खोलीवरून पिशवी घ्यायची आणि तिथून थेट बस, असं ठरलं. रिक्षा गेटबाहेर पडून वळेपर्यंत ललित बघत राहिला.

मग तो परत खुर्चीवर येऊन बसला. पॅकिंगमधून एक कमी करायला हवा होता. त्याने नवा आकडा भरला, सव्वीस, आणि शून्य मिळवलं.

सत्तावीस.

त्याने कावेरीचं नाव टाकलं. एक. ती बाहेर गेली होती, म्हणजे एकच येणार. पुन्हा पॅकिंग. सत्तावीस.

ती गेटबाहेर होती. जास्तीचं एक आतच होतं.

त्याने तिला फोन लावला. ती बसमध्ये बसली होती. मागे कंडक्टरचा आवाज येत होता.

"खिडकीची जागा भेटली," ती म्हणाली. "आता बरं वाटून राहिलं. पोटात पण हलकं वाटते."

ललितला बोलायचं होतं. काय बोलणार? बस थांबव, उतर, परत हॉलमध्ये येऊन बस? त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "सांभाळून जा."

दुसऱ्या दिवशी सासूचा, बायडाबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "जवाईबापू, नही ऱ्हायनं वो. राती दवाखानामा लई गवूत. डॉक्टर सांगस, ठोकाच नही. कालदिनच थांबेल शे."

"कधी? काल कधी?"

"ते कसं सांगता ई? दुपारना सुमारले व्हई, म्हने."

ललितने फोन खाली ठेवला. खिडकीबाहेर कारभारी फळा पुसत होता. पॅकिंग हॉलच्या दारातून दोन बायका हसत बाहेर आल्या आणि मागे दार आपसूक लागलं. ते उघडायला धावत जावं असं त्याला वाटलं. तो टेबलावर डोकं टेकून रडला.

कावेरी महिनाभराने परतली ती निम्मी होऊन. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. ललितने तिला मशीनचं काही सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? तुला मीच तिथे बसवून ठेवलं, आणि आता ते तिथेच राहिलंय, असं बायकोला सांगता येतं का? तो कामावर जायचा, चार खात्यांची बेरीज करायचा, आणि पॅकिंगमधलं जास्तीचं एक हाताने वजा करून कारभारीला आकडा द्यायचा. पाळी सुटली, सगळे गेले, कुलपं लागली, तरी पॅकिंग बरोबर शून्य, अधिक शून्य, उत्तर एक यायचं.

वजा करताना दरवेळी त्याच्या मनात तेच यायचं. हा फळा आगीसाठी आहे. उद्या आग लागली तर फळ्यावरची माणसं मोजून बाहेर काढतील आणि सगळे आले म्हणून दार सोडून निघून जातील.

एक दिवस त्याने वजा केलंच नाही. कारभारीने आकडा लिहिला, आणि संध्याकाळी खिडकीशी आला.

"एक आत राह्यलाय, ललितभाऊ."

"माहीत आहे."

कारभारीने त्याच्याकडे नीट बघितलं. म्हातारा दुनिया बघितलेला होता. "दिवा चालू ठिवू का?" त्याने विचारलं. त्यानंतर पॅकिंग हॉलमधला एक दिवा रोज चालू राहायला लागला. मालकाने वीजबिलावरून एकदा कटकट केली, पण तेवढ्यावरच राहिलं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पुढच्या दिवाळीनंतर कावेरीच म्हणाली, "मी परत कामावर येते."

"कशाला? नको."

"इथं भिंती खायले उठतात. तिथं मला एकटं नाही वाटत."

ललितच्या डोळ्यांपुढे पडद्यावरचं जास्तीचं एक आलं. पण तो नाही म्हणू शकला नाही. ती आपल्या जुन्या टेबलावर रुजू झाली. स्टूल तिने परत केलं नाही. ती उभीच राहायची आणि स्टूल शेजारी ठेवायची. कुणी मागितलं तर म्हणायची, राहू दे. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग चढला. जेवायला लागली. कधी कामात असताना गुणगुणते, असं चिंधाने येऊन सांगितलं.

पुढचा उन्हाळा सरत आला होता. रात्री जेवताना कावेरी म्हणाली, "शेजारच्या शीतलची पोरगी चालायले लागली. दोन पावलं टाकते आन् धपकन् बसते." ताटातली भाकरी मोडत ती म्हणाली, "आपलंबी एव्हाना चाललं असतं."

ललितने पाण्याचा तांब्या उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगची बेरीज बरोबर आली.

तो पडद्याकडे बघत राहिला. इतके दिवस हा आकडा बरोबर यावा म्हणून त्याने देवाला हात जोडले होते. आता बरोबर आला तर तो त्याला नकोसा झाला. गेलं? कुठे गेलं? त्याने घाईघाईने बाकीची नावं टाकली. स्टोअर बरोबर. टेक्श्चरायझिंग बरोबर.

वाइंडिंगमध्ये एक जास्त.

वाइंडिंग हे पॅकिंगच्या शेजारचं खातं. मधे दार नाही, नुसत्या प्लास्टिकच्या पट्ट्या लोंबतात.

दुपारी ते परत पॅकिंगमध्ये होतं.

मग रोजच तसं व्हायला लागलं. थोडा वेळ वाइंडिंग, की परत पॅकिंग. कावेरीच्या टेबलापासून लांब जायचं आणि परत तिच्याकडे यायचं. ललितला एकदा हसू आलं, आणि स्वतःचं ते हसू ऐकून तो दचकला.

त्या आठवड्यात ते स्टोअरपर्यंत पोचलं. स्टोअरच्या पुढे बोळ आहे. बोळाच्या टोकाला टाइम ऑफिस.

शनिवारी दुपारी त्याने चारही खात्यांची बेरीज केली. चारही बरोबर. एकही जास्त नाही.

यंत्रांची घरघर चालू होती. पंखा फिरत होता. बाहेर कारभारी कुणाशी तरी गुजरातीत बोलत होता. ललितने मागे पाहिलं नाही.

टाइम ऑफिसला त्याने कधी नाव दिलंच नव्हतं. तिथे तो एकटाच असायचा, त्याला काय मोजायचं? आता त्याने सावकाश एकेक अक्षर दाबत नाव लिहिलं. टाइम ऑफिस बरोबर एक. अधिक शून्य.

दोन.

कारभारी खिडकीशी आला. "आकडा द्या, ललितभाऊ."

"देतो," ललित हळू आवाजात म्हणाला. आकडा लिहायचा कागद मागच्या कपाटात होता. तो काढायला चाकांची खुर्ची मागे सरकवावी लागणार होती.

त्याने ती सरकवली नाही. चाकाखाली इवलीशी बोटं आली तर, म्हणून तो श्वास रोखून तसाच बसून राहिला.